हरलेला पैसा आणि हरवलेला माणूस



ऑक्टोबर २०२३ मध्ये पिंपरी-चिंचवड पोलीस दलातील एका उपनिरीक्षकाने मोबाईलवरील क्रिकेटच्या खेळात दीड कोटी रुपये जिंकले. बातमी घरोघर पोचली. पुढे ते निलंबित झाले, तीही बातमी झाली. त्या दिवशी हरलेल्यांची बातमी मात्र कोठेच आली नाही. जिंकणाऱ्याचे पेढे गल्लीभर वाटले जातात. हरणारा सेकंड शिफ्ट संपवून चाकणहून घरी येतो, ताट बाजूला सारतो आणि विचारले तर ‘डोके दुखते’ एवढेच सांगतो.

संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. परंतु आधीचे कर्ज आणि मनाची टोचणी कायद्याने मिटत नाही. पत्ते आणि मटका तर जुनेच आहेत.

ख्रिस्तसभेची धर्मशिकवण (क्र. २४१३) नशिबाच्या खेळांना मुळातच अन्याय म्हणत नाही, पण घराच्या गरजेचा पैसा त्यांत जाऊ लागला, की ते समर्थनीय राहत नाहीत, असे स्पष्ट सांगते. मुलांच्या फीचे पैसे लावणे ही चूकच. प्रश्न आहे चुकीनंतरचा.

प्रभूचे दोन शिष्य चुकले. पेत्राने त्याला नाकारले, यहूदाने तीस नाण्यांसाठी धरून दिले. पश्चात्ताप दोघांनाही झाला. यहूदा तर पैसे परत घेऊन मंदिरात गेला, अपराध कबूल केला (मत्तय २७). ऐकणाऱ्यांनी हात झटकले, आणि तो एकटाच बाहेर पडला. पेत्र ढसाढसा रडला, पण सोबत्यांत परत आला; पुनरुत्थित प्रभू त्याला तेथेच भेटला.

म्हणून हरलेल्या बंधूंनो, ‘एकदाच खेळून गेलेले परत मिळवू’ हा विचार येईल, तेव्हा तो दुःखाचा आवाज आहे हे ओळखा. त्या रात्री फोन घरच्यांच्या हाती द्या. हरलेली रक्कम आणि उसनवारी वहीत खरी लिहा. ती वही एका तरी माणसाला दाखवा. रडू आले तर येऊ द्या.

आणि घरच्यांनो, पहिल्या रात्री फक्त ऐका. हिशेब सकाळी करता येईल. गुपचूप कर्ज फेडून झाकपाक मात्र करू नका. काही महिने पगाराचा व्यवहार दोघांनी मिळून पाहावा. जीव नकोसा झाल्याचे कोणी बोलला, तर त्याला एकटे सोडू नका. ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस विनामूल्य आहे.

आम्ही धर्मगुरूही कधी कधी उपदेशाची घाई करतो आणि माणूस दारातूनच परत फिरतो. त्याबद्दल क्षमा असावी. प्रायश्चित्त संस्कारासाठी या, किंवा नुसतेच बोलायला या. मंदिरातील त्या याजकांप्रमाणे आम्ही हात झटकणार नाही. तुम्हीही आपल्या घरात झटकू नका.

उधळ्या पुत्राच्या पित्याने मुलाला मिठी मारली, ती उडवलेल्या पैशाचा हिशेब न विचारता. तो पिता तुम्हां सर्वांना धीर देवो.