सैनिकाचे घर चालविणे

कृष्णाजी अनंत सभासद यांनी छत्रपती राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून जिंजी येथे शिवचरित्राची जी बखर लिहिली, तीत १६५९ मधील अफजलखानाच्या प्रसंगानंतर एक लहानशी नोंद आहे, आणि प्रतापगडच्या पराक्रमाने भारावलेला वाचक ती बहुधा न थांबता ओलांडतो. लढाईत जे ठार झाले त्यांच्या लेकांना महाराजांनी ‘चालविले’, ज्यांना पुत्र नव्हता त्यांच्या बायकांना निम्मे वेतन बांधून दिले आणि जखमींना जखम पाहून पंचवीसपासून दोनशेपर्यंत होन दिले, असा तिचा आशय आहे. यातील ‘चालविणे’ या क्रियापदाकडे विशेष लक्ष दिले पाहिजे. मराठीत घर चालते, शेत चालते, संसार चालतो. चालविणे म्हणजे यांपैकी काहीही बंद पडू न देणे. सत्कार करणे किंवा मानवंदना देणे ही क्रिया त्याच दिवशी पुरी होते, चालविणे मात्र कधीच एका दिवसात पुरे होत नाही, आणि सैनिकाविषयीच्या कृतज्ञतेचा मराठीतला सर्वांत सकस विचार या न संपणाऱ्या क्रियेतच साठवलेला आहे.

पेशवेकाळात या विचाराला ‘बालपरवेशी’ अशी संज्ञा होती. लढाईत पडलेल्या माणसाच्या मुलाबाळांच्या पालनपोषणासाठी सरकार जी नेमणूक करून देई, तिला हे नाव होते. त्या काळापासून आजपर्यंत रणांगणावर मेलेल्या माणसाला मराठीत ‘कामी आला’ असे म्हणतात, म्हणजे भाषा त्याचे मरणही कामातच धरते. आणि मरण जर कामात धरले, तर त्या कामाचा मोबदला ही दया उरत नाही, तो मागे राहिलेल्यांचा हक्क ठरतो. हक्क आणि उपकार यांतील हा भेद पुढे वारंवार पुसला गेला.

इंग्रजी अमदानीतील दापोलीचा इतिहास या दृष्टीने फार बोलका आणि तितकाच वेदनादायक आहे. मुंबई सैन्यात पिढ्यान्‌पिढ्या चाकरी केलेल्या महार सैनिकांची निवृत्तीनंतर तेथे वस्ती होती. सुभेदार रामजी सकपाळ हेही निवृत्तीनंतर काही काळ तेथे राहिले. या माणसांना निवृत्तिवेतन मिळत होते, पण काही जातीच तेवढ्या जन्मतः लढवय्या असतात अशा तथाकथित सिद्धान्ताच्या आधारे १८९२ च्या सुमारास महारांची सैन्यभरती बंद करण्यात आली. तेव्हा स्वतः निवृत्त सैनिक असलेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी सरकारसाठी जो अर्ज तयार केला, त्यात पूर्वजांच्या चाकरीची आठवण देऊन हा दरवाजा पुन्हा उघडण्याची मागणी होती. बापाला पेन्शन आणि मुलाला मज्जाव, अशा स्थितीत पैसा वेळेवर पोचला तरी कृतज्ञता पोचली असे म्हणता येत नाही. सभासदांच्या नोंदीत ‘लेकांना’ हा शब्द पहिला आहे, तो उगीच नव्हे. १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहीपर्यंत, पहिल्या महायुद्धाच्या काळातील अल्पजीवी पलटणीचा अपवाद सोडल्यास, ही चूक तशीच राहिली.

सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या गावाला ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणतात. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे ४६ जवान कामी आले, आणि आजही तेथे सैन्याशी नाते नसलेले घर विरळा. अशा गावात कृतज्ञतेचा प्रश्न स्मारकापेक्षा उंबऱ्याच्या आत अधिक असतो. कामी आलेल्या जवानाच्या पत्नीला आपण ‘वीरनारी’ म्हणतो आणि ते योग्यच आहे. परंतु ज्या स्त्रीचा नवरा सुट्टी संपवून पुन्हा सीमेवर जातो, जिने सासूसासऱ्यांची आजारपणे, मुलांच्या शाळा आणि पेरण्या पंधरा-वीस वर्षे एकटीने निभावल्या, तिच्यासाठी भाषेने एकही शब्द घडवलेला नाही. सैन्याच्या दप्तरात तिचे अस्तित्व ‘पार्ट टू ऑर्डर’वर, म्हणजे जवानाचे लग्न, अपत्यांचे जन्म अशा घटनांच्या अधिकृत नोंदीवर, अवलंबून असते. माहेरचे नाव आणि सासरचे नाव यांत मेळ नसेल, किंवा जन्मतारीख एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरी असेल, तर जवानाच्या पश्चात मिळणारे कुटुंब निवृत्तिवेतन अडकून राहते. म्हणून जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात बसून अशा बाईचे कागद जुळवून देणारा लिपिक ७ डिसेंबरच्या ध्वजदिनी झालेल्या कित्येक भाषणांपेक्षा मोठे काम करीत असतो. समान पद आणि समान सेवाकाळ असलेल्यांना, ते कोणत्याही वर्षी निवृत्त झालेले असोत, समान निवृत्तिवेतन देणारी ‘वन रँक वन पेन्शन’ योजना २०१५ मध्ये जाहीर होऊन १ जुलै २०१४ पासून लागू धरली गेली. तिच्यासाठी म्हाताऱ्या माजी सैनिकांना दिल्लीत धरणे धरावे लागले, याची खंत समाजाने बाळगायला हवी.

‘जखम पाहून’ या शब्दांचा अर्थ पुण्याजवळच्या खडकीत कळतो. तेथील क्वीन मेरी टेक्निकल इन्स्टिट्यूट १९१७ पासून अपंग सैनिकांना हातचे काम शिकवीत आली आहे, आणि पाठीच्या कण्याला इजा होऊन कमरेखालचे शरीर लुळे पडलेल्या सैनिकांसाठी तेथेच एक निवासी पुनर्वसन केंद्र आहे. विशीत झालेली अशी जखम पुढे चाळीस-पन्नास वर्षे रोज नव्याने सोसावी लागते, आणि सैनिकाबरोबर ती त्याची आई, बायको किंवा भाऊही सोसतो.

२०२२ च्या अग्निपथ योजनेने या सगळ्या विचारापुढे नवा पेच उभा केला आहे. तीत भरती झालेल्या अग्निवीराची सेवा चार वर्षांची असते. त्यांतील जास्तीत जास्त पंचवीस टक्के पुढे नियमित सेवेत घेतले जातात, उरलेल्यांना ‘सेवा निधी’ ही एकरकमी रक्कम मिळते, निवृत्तिवेतन मिळत नाही. एकरकमी दिलेल्या पैशाने निरोप देता येतो, घर चालविता येते का, हे अपशिंग्यासारख्या गावांना लवकरच अनुभवाने ठरवावे लागेल, कारण ‘माजी सैनिक’ म्हणजे पेन्शनवर घर सांभाळणारा वडीलधारा माणूस, हीच ओळख तेथे आजवर रुजलेली आहे. सभासदांच्या नोंदीत मेलेल्याचा मुलगा आहे, निपुत्रिक विधवा आहे, जखमी आहे. विशी-पंचविशीत धडधाकट परत आलेला आणि तरीही माजी झालेला सैनिक तीत नाही.