छायाचित्रातील माणसाचे आपण काय देणे लागतो?



घरातले जुने कपाट आवरताना कधीतरी छायाचित्रांचा गठ्ठा हाती लागतो. लग्नाची, बाप्तिस्म्याची, पहिल्या ख्रिस्तप्रसादाची, आणि शवपेटीभोवती उभ्या राहिलेल्या कुटुंबाचीही. मधल्या रांगेतली ही बाई कोण? आई म्हणते, मावशीला विचार. मावशी म्हणते, आजी असती तर तिने सांगितले असते. शेवटी कुणीतरी म्हणते, "ओळखत नाही तर ठेवायचा कशाला?" आणि तो फोटो रद्दीच्या ढिगावर जातो. पण टाकताना हात जरा अडखळतो. का अडखळावा? ती बाई केव्हाच देवाघरी गेली. तिला ना राग येणार, ना वाईट वाटणार. कागद तो कागदच. तरीही आपण तिचे काही देणे लागतो की नाही, हा प्रश्न मला विचार करण्याजोगा वाटतो. उत्तर शोधण्यासाठी मी तुम्हाला स्कॉटलंडमधल्या एका जुन्या गावी नेणार आहे. छायाचित्रणाची कला तिथे फार लवकर रुजली, आणि त्या गावाला आपल्या एका प्रेषिताचे नाव आहे.

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर, फाइफ प्रांतात, सेंट अँड्र्यूज नावाचे गाव आहे. संत अंद्रियाच्या नावाचे. आख्यायिका अशी की, संत रेग्युलस याने ग्रीसमधील पात्रास नगरातून या कोळी प्रेषिताच्या काही अस्थी आणल्या आणि याच किनाऱ्यावर उतरवल्या. इतिहासाला ही गोष्ट सिद्ध करता येत नाही. पण मध्ययुगात हजारो यात्रेकरू तिच्यावर विश्वास ठेवून पायी तिथे येत, हे मात्र खरे. बाराव्या शतकात तिथे कॅथेड्रल बांधायला घेतले. ते १३१८ साली राजा रॉबर्ट ब्रूस याच्या उपस्थितीत पवित्र करण्यात आले. स्कॉटलंडमधले ते सर्वांत मोठे मंदिर होते, लांबी जवळजवळ १२० मीटर. १४१३ साली गावाला विद्यापीठ मिळाले. आणि जून १५५९ मध्ये जॉन नॉक्सच्या प्रवचनानंतर जमावाने कॅथेड्रलमधल्या वेद्या व मूर्ती फोडल्या. संताच्या अस्थी त्या धामधुमीत नाहीशा झाल्या. पुढे मंदिर ओस पडले आणि त्याचे दगड लोकांनी घरे बांधायला नेले. आज तिथे दोन टोकांच्या भिंती, थोडे खांबांचे अवशेष, संत रेग्युलसचा ३३ मीटर उंच बुरूज आणि भोवती कबरी आहेत.

आता छायाचित्रांकडे येऊ. इंग्लंडमध्ये फॉक्स टॅल्बट या गृहस्थाने कागदावर छायाचित्र उमटवण्याची पद्धत शोधली आणि १८४१ मध्ये तिचे पेटंट घेतले. ते पेटंट स्कॉटलंडला लागू नव्हते. सेंट अँड्र्यूजच्या महाविद्यालयाचे प्राचार्य सर डेव्हिड ब्रूस्टर हे टॅल्बटचे स्नेही. दोघांचा पत्रव्यवहार चाले, आणि त्यातून ही विद्या गावात आली. गावचे डॉक्टर जॉन अ‍ॅडमसन यांनी पुष्कळ खटपट करून ती साध्य केली आणि आपला धाकटा भाऊ रॉबर्ट याला शिकवली. रॉबर्ट प्रकृतीने नाजूक होता. मे १८४३ मध्ये तो एडिंबरोला गेला आणि तिथे त्याने छायाचित्रांचा धंदा सुरू केला. त्याचे वय तेव्हा बावीसच्या आतबाहेर असेल.

त्याच महिन्यात एडिंबरोत एक मोठी घटना घडली. गावातल्या मंदिराचा पाळक कोणी नेमायचा, जमीनदाराने की भाविकांनी, या वादावरून १८ मे १८४३ रोजी स्कॉटलंडच्या प्रॉटेस्टंट चर्चमधील पाळक सभेतून उठून बाहेर पडले. बाहेर पडणाऱ्यांची संख्या पुढे साडेचारशेच्या घरात गेली. पगार गेला, राहते घर गेले, तरी गेले. आपला त्यांचा पंथ वेगळा, पण विवेकबुद्धीसाठी घरदार सोडणाऱ्या माणसाला मान द्यायला पंथ आड येऊ नये. डेव्हिड ऑक्टेव्हियस हिल या चित्रकाराने या प्रसंगाचे भव्य चित्र काढायचे ठरवले. इतके चेहरे आठवणीत कसे ठेवणार? ब्रूस्टरसाहेबांनी सुचवले, आधी सगळ्यांची छायाचित्रे काढून घ्या, आणि त्याला रॉबर्टशी गाठ घालून दिली. अशी ही जोडी जमली. साडेचार वर्षांत दोघांनी सुमारे ३००० छायाचित्रे काढली.

चित्र मात्र पुरे व्हायला १८६६ साल उजाडले. त्यात साडेचारशेच्या आसपास चेहरे आहेत, आणि गंमत म्हणजे त्या दिवशी तिथे हजर नसलेली माणसेही आहेत. त्यांतला एक आपल्या मुंबईचा: धनजीभाई नवरोजी हा पारशी तरुण. मुंबईत ज्यांच्या नावाचे कॉलेज आहे त्या डॉ. जॉन विल्सन यांच्याबरोबर तो १८४३ मध्ये स्कॉटलंडला गेला आणि पुढे पाळक झाला. चित्रकाराने त्याला गर्दीत जागा दिली. हे खोटे म्हणायचे का? मला तसे वाटत नाही. आपणही कुटुंबाच्या आठवणी सांगताना, जो तिथे असायला हवा होता त्याला नकळत तिथे उभा करतोच. फक्त पुढच्या पिढीला कुणीतरी सांगावे लागते की तो त्या दिवशी नव्हता.

त्या चित्रासाठी ज्या पाळकांचे फोटो निघाले त्यांच्या नावांची नोंद राहिली. रेव्हरंड अमुक, डॉक्टर तमुक, हे कुठल्या गावचे, सगळे व्यवस्थित. पण हिल आणि अ‍ॅडमसन यांनी कोळी लोकांचीही छायाचित्रे काढली. एडिंबरोजवळच्या न्यूहेवन बंदरात पुष्कळ, आणि सेंट अँड्र्यूजच्या कोळीवाड्यातही. तिथल्या एका प्रसिद्ध छायाचित्रात रस्त्याच्या कडेला बायका आणि मुले बसून गळाच्या लांब दोऱ्यांना आमिष लावत आहेत. पुरुष समुद्रावर, बायका किनाऱ्यावर. मासळीच्या धंद्यातली ही वाटणी आपल्या किनाऱ्यावर कुणाला समजावून सांगायला नको. त्या काळी फोटो काढायचा तर भर उन्हात अर्धा-एक मिनिट, कधी त्याहून जास्त वेळ स्तब्ध राहावे लागे. हललात की पुसट झालात. विचार करा, ज्यांच्या हाताला दिवसभर उसंत नाही अशा या बायकांनी दोन अनोळखी माणसांसाठी काम थांबवले. आणि त्या फोटोखाली काय लिहिलेले आहे? "बायका आणि मुले." बस्स.

इथे माझा मुद्दा आहे. पाळकांचा चेहराही टिकला आणि नावही टिकले. कोळणीचा चेहरा टिकला, नाव बहुधा गेले. यंत्राने भेदभाव केला नाही. ऊन दोघांवर सारखेच पडले होते. भेद झाला तो नंतर, कागदाच्या मागे कुणी लिहायचे आणि कुणाबद्दल लिहायचे याचा. चेहरा यंत्र जपते. नाव माणसालाच जपावे लागते, आणि माणूस ज्याला मोठा समजतो त्याचेच जपतो. खुद्द रॉबर्टचेही तेच झाले. जानेवारी १८४८ मध्ये, अवघ्या सव्वीस वर्षांचा असताना, तो सेंट अँड्र्यूजला आपल्या घरच्यांत वारला. पुढे कित्येक वर्षे लोक ही छायाचित्रे "हिलची" म्हणूनच ओळखत. १९३१ साली जर्मनीत त्यांच्यावर पुस्तक निघाले, त्याच्या नावातही हिल एकटाच होता. त्याच वर्षी जर्मन विचारवंत वॉल्टर बेंजामिन याने न्यूहेवनच्या एका कोळणीच्या फोटोबद्दल लिहिले. त्याच्या म्हणण्याचा आशय असा: रंगवलेल्या चित्रातल्या बाईचे नाव दोन-तीन पिढ्यांनी कोणी विचारत नाही, पण या फोटोतली बाई आपल्याला गप्प बसू देत नाही, ती खरोखर जगलेली आहे आणि तिचे नाव विचारल्यावाचून राहवत नाही.

यावर आपल्यापैकी कुणी म्हणेल, देवाला सर्वांची नावे ठाऊक आहेत, मग आपण कशाला काळजी करायची? शुभवर्तमानातही किती माणसे बिननावाची आहेत. पाच भाकरी आणि दोन मासे घेऊन आलेला मुलगा पहा. त्याला येशूकडे आणणाऱ्या अंद्रियाचे नाव संत योहानाने लिहिले, मुलाचे नाही. म्हणून त्या मुलाचे काही कमी झाले का?

ही हरकत वजनदार आहे, आणि तिचे अर्धे उत्तर मला मान्य आहे. मुलाचे काही कमी झाले नाही. त्या कोळणींचेही देवाच्या दृष्टीने काही कमी झालेले नाही. पण प्रश्न त्यांचे काय गेले हा नव्हता, आपण काय देणे लागतो हा होता. ज्याचे कर्ज आपण काढले तो गडगंज श्रीमंत आहे म्हणून कर्ज माफ होत नाही. आणि दुसरी गोष्ट अशी. पुनरुत्थानाच्या सकाळी मरिया माग्दालेनाने येशूचा चेहरा पाहिला, तरी तिने ओळखले नाही. तिला वाटले माळी असेल. त्याने तिला नावाने हाक मारली तेव्हा ओळख पटली. नुसते पाहण्याने माणूस सापडत नाही. नोव्हेंबर महिन्यात आपण मृतांची नावे कागदावर लिहून मिस्सासाठी देतो. देवाला यादीची गरज आहे म्हणून आपण ती देत नाही.

आतापर्यंत नावाचे झाले. पण छायाचित्राला आणखी एक गोष्ट सांगता येत नाही: असे का झाले? सेंट अँड्र्यूजच्या कॅथेड्रलची अगदी सुरुवातीची छायाचित्रेही पडझडीचीच आहेत, कारण कॅमेरा आला तेव्हा मंदिर मोडून जवळजवळ तीनशे वर्षे झाली होती. एखादा कॅथलिक ते पाहून म्हणेल, पहा, आमच्यावर काय अन्याय झाला! अन्याय झालाच. पण त्याच गावात २९ फेब्रुवारी १५२८ रोजी पॅट्रिक हॅमिल्टन या चोवीस वर्षांच्या तरुणाला नव्या शिकवणीचा प्रचार केला म्हणून आपल्या धर्माधिकाऱ्यांच्या निकालावरून जिवंत जाळले. हवा दमट, लाकडे पेट घेईनात. तो सहा तास जळत होता. १५४६ च्या मार्चमध्ये जॉर्ज विशार्टला किल्ल्यासमोर जाळले. मे महिन्यात त्याच्या बाजूच्या लोकांनी कार्डिनल डेव्हिड बीटन यांचा त्याच किल्ल्यात खून केला आणि प्रेत भिंतीवरून लोंबकळत ठेवले. त्यानंतर तेरा वर्षांनी कॅथेड्रल फुटले. फोटोत यातले काहीच दिसत नाही. फोटोत दगड दिसतात.

गावाने हॅमिल्टनची आठवण मात्र वेगळ्या तऱ्हेने जपली. जिथे त्याला जाळले तिथे फरसबंदीत त्याच्या नावाची आद्याक्षरे बसवलेली आहेत. विद्यार्थी त्यांवर पाय ठेवत नाहीत. ठेवला तर परीक्षेत नापास होतो म्हणे! समजूत बालिश आहे खरी, पण रोज शेकडो तरुण पाय एका जळलेल्या माणसासाठी बाजूला वळतात, ही काही लहान गोष्ट नव्हे.

म्हणून आपल्या आठवणींत आपली जखम जशी सांगायची, तशी आपल्या हातून झालेली जखमही सांगायची. १२ मार्च २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोममध्ये ख्रिस्तसभेच्या लेकरांच्या पापांबद्दल जाहीर क्षमा मागितली, आणि सत्याच्या नावाखाली केलेल्या बळजबरीचा त्यात उल्लेख होता. स्मृती शुद्ध करणे, असा शब्दप्रयोग ते करीत. काहींना तेव्हा तो कमीपणा वाटला होता. घरातले भांडण आठवा: भाऊबंदकीत जमिनीची वाटणी कशी झाली हे सांगताना प्रत्येक शाखा आपल्या सोयीचे तेवढेच सांगते, आणि अल्बममधून एका काकाचा चेहरा कात्रीने कापलेला असतो. त्या मोकळ्या जागेकडे बोट दाखवून लहान मूल विचारते, "इथे कोण होते?" त्याला खरे सांगणे हेही देण्यातच मोडते.

आता फोनमध्ये हजारो फोटो असतात. तारीख, वेळ, ठिकाण सारे आपोआप नोंदले जाते, फक्त शेजारी उभा असलेला माणूस आपला कोण हे नाही. आणि जुन्या फोटोंचे खरे पुस्तक म्हणजे घरातली म्हातारी माणसे. एक आजी गेली की एका दिवसात शंभर फोटो बिननावाचे होतात. त्यांच्याजवळ बसून, मऊ पेन्सिलीने, कागदावर उठाव न येईल अशा बेताने फोटोच्या मागे नाव लिहायला एक दुपार पुरते. ती दुपार आपण पुढे ढकलतो.

संत अंद्रियाच्या अस्थी गेल्या त्या पुन्हा सापडल्या नाहीत. पण १८७९ मध्ये इटलीतील अमाल्फीच्या आर्चबिशपांनी आपल्याजवळच्या अवशेषांतला एक अंश स्कॉटलंडला दिला आणि १९६९ मध्ये पोप पॉल सहावे यांनी कार्डिनल ग्रे यांना आणखी एक दिला. दोन्ही एडिंबरोच्या सेंट मेरी कॅथेड्रलमध्ये आहेत. सेंट अँड्र्यूजच्या मोडक्या कॅथेड्रलच्या आवारात रॉबर्ट अ‍ॅडमसनची कबर आहे. आणि न्यूहेवनच्या कोळणींपैकी काहींची नावे कुणीतरी लिहून ठेवल्यामुळे आपल्यापर्यंत आली आहेत. पट्ट्यापट्ट्यांचा झगा घातलेली, टोपल्यांजवळ मान खाली घालून उभी असलेली त्यांतली एक, तिचे नाव एलिझाबेथ जॉन्स्टन हॉल.