हिमनद्यांच्या वाटेवर

हे विश्वंभरा,

लेक लुईज मागे पडलं आणि जॅस्परचा रस्ता सुरू झाला. कॅनडाच्या रॉकी पर्वतातून, बॅन्फ आणि जॅस्पर या दोन राष्ट्रीय उद्यानांतून जाणारा हा आइसफील्ड्स पार्कवे, सुमारे २३० किलोमीटरचा. आजचा दिवस तुझ्या पायाशी ठेवून निघालो आहोत. गाडी चालवणाऱ्याची नजर रस्त्यावर राहू दे. वळणावर अस्वल किंवा हरीण आडवं आलं, तर थांबायचं भान दे. घर त्यांचं आहे.

महामंदीत रोजगार गेलेल्या माणसांनी १९३१ पासून कुदळ-फावड्यांनी, घोडे जुंपून हा रस्ता केला. त्यांच्या कष्टांना आमचा नमस्कार पोचव. त्यांच्याही आधी स्टोनी नाकोडा लोक पिढ्यान्‌पिढ्या बॅन्फच्या या दऱ्यांत शिकार करत, औषधी वनस्पती गोळा करत. उद्यान झालं आणि त्यांनाच इथून दूर सारलं गेलं. त्यांच्या लेकराबाळांना या भूमीवरचा मान आणि हक्क मिळू दे.

पेटो सरोवर वरून दिसलं आणि हात आपसूक जोडले गेले. हिमनदी सरकता सरकता खालचा खडक जात्यासारखी दळते. ती पिठी इतकी बारीक, की तळाशी न बसता पाण्यात तरंगत राहते आणि तिच्यावर पडलेलं ऊन निळं-हिरवं होऊन परत फिरतं. उन्हाळ्यात बर्फ वितळून पिठी उतरली, की हा रंग चढतो. तुझं काम असं सावकाश चालतं, देवा. आमच्या उतावळ्या मनाला त्यातला थोडा धीर दे.

अथाबास्का हिमनदीच्या वाटेवर सालांच्या पाट्या उभ्या आहेत. त्या त्या साली बर्फ तिथवर होतं. आज एका पाटीपासून दुसरीपर्यंत चालताना पायाखाली नुसते गोटे लागतात. सव्वाशे वर्षांत हिमनदी दीड किलोमीटरहून अधिक मागे हटली. आम्हाला नुसतं हळहळून मोकळं होऊ देऊ नकोस. हवा तापवणारा धूर आवरण्याची बुद्धी आम्हाला घरात दे, आणि राज्य चालवणाऱ्यांना त्यांच्या निर्णयांत दे.

ही हिमनदी ज्यातून उतरते, त्या कोलंबिया हिमक्षेत्राचं पाणी पॅसिफिक, आर्क्टिक आणि अटलांटिक अशा तीन महासागरांच्या वाटा धरतं. सकाळी पाहिलेल्या बो सरोवरातून निघालेली नदी खाली आमच्या कॅल्गरीची तहान भागवते. नळाखाली भांडं धरताना तिची आठवण राहू दे.

जुलै २०२४च्या वणव्यात जॅस्परमधली शेकडो घरं जळाली. ज्यांचं छप्पर गेलं, त्यांना पुन्हा उभं कर. आगीशी झुंजणाऱ्यांना सुखरूप ठेव. आणि आमच्यामागून येणाऱ्यांनाही हे पाणी असंच वाहतं मिळावं, म्हणून जे जे सोडावं लागेल, ते सोडण्याचं बळ आम्हाला दे.