अधिवेशन संस्थगित होते तेव्हा

संसदेच्या अधिवेशनाचे सूप वाजले की मालवण-कणकवलीतल्या गप्पांत, आणि बातम्यांतही, एक वाक्य हमखास येते: अधिवेशन संस्थगित झाले, विधेयक बारगळले. हे साफ चूक आहे. शिवाय या चुकीमुळे संस्थगितीत जे खरोखर बुडते त्याकडे कोणाचे लक्षच जात नाही.

सभागृह तहकूब करतात त्याचे अध्यक्ष किंवा सभापती. अधिवेशन संस्थगित करतात, म्हणजे रीतसर संपवतात, राष्ट्रपती, तेही मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने. म्हणजे व्यवहारात सरकारच.

हा अधिकार मुळात इंग्लंडच्या राजाचा. संसद नकोशी झाली की तो तिला घरी पाठवी आणि सत्राबरोबर अपुरी विधेयकेही संपत. 2019मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी तेच हत्यार उपसले आणि तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या 11 न्यायमूर्तींनी एकमताने ते बेकायदा ठरवले. ही हकीकत सर्वांना ठाऊक आहे, पण ती जशीच्या तशी दिल्लीला लावली की घोटाळा होतो.

कारण 1935च्या भारत सरकार कायद्यात विधेयक आणि सत्र यांची गाठ नव्हती. संविधानाच्या अनुच्छेद 107नेही तेच कायम ठेवले: संस्थगितीमुळे प्रलंबित विधेयक व्यपगत होत नाही.

याचा सर्वांत बोलका दाखला सिंधुदुर्गाचाच आहे. वेंगुर्ल्याचे बॅरिस्टर नाथ पै तेव्हा राजापूरचे खासदार होते. फेब्रुवारी 1967मध्ये गोलकनाथ खटल्याचा निकाल लागला: मूलभूत हक्कांना कात्री लावण्याचा अधिकार संसदेला नाही. तो अधिकार संसदेला परत मिळावा म्हणून नाथ पैंनी त्याच वर्षी खासगी विधेयक मांडले. ते संयुक्त समितीकडे गेले, परत आले, त्यावर गाजलेली चर्चा झाली. दरम्यान किती अधिवेशने संस्थगित झाली! विधेयक जिवंतच राहिले. ते संपले डिसेंबर 1970मध्ये, लोकसभा विसर्जित झाली तेव्हा. पुढच्याच महिन्यात, 18 जानेवारी 1971ला, नाथ पै गेले. त्याच वर्षी 24व्या घटनादुरुस्तीने त्यांना हवे होते ते घडवले.

मग संस्थगितीत मरते काय? लोकसभेचा नियम 335 पाहावा. विधेयक मांडण्याच्या सूचना सोडून सदस्यांच्या बाकी सगळ्या प्रलंबित सूचना रद्द होतात आणि पुढच्या सत्रासाठी त्या नव्याने द्याव्या लागतात. विधेयक तरते, खासदाराची सूचना बुडते. नाथ पै आणि त्यांच्यानंतरचे मधु दंडवते यांनी ज्या आयुधांवर संसद गाजवली, घाव पडतो तो नेमका त्यांच्यावर.

आणि वटहुकुमाचे दार उघडते. दोन्ही सभागृहांचे सत्र चालू असताना वटहुकूम काढता येत नाही. एक संस्थगित झाले तरी पुरते. 2015मध्ये भूसंपादनाचे विधेयक राज्यसभेत अडले होते. अर्थसंकल्पी अधिवेशनाच्या मधल्या सुट्टीत, 28 मार्चला, फक्त राज्यसभा संस्थगित केली गेली आणि 3 एप्रिलला भूसंपादनाचा वटहुकूम पुन्हा निघाला. कायद्याच्या अक्षरात हे बसले, पण जे सभागृह विरोध करत होते त्यालाच बाजूला सारण्याचा हा प्रकार होता. राजाचे हत्यार बोथट झाले असे म्हणणाऱ्यांनी हा आठवडा विसरू नये.

म्हणून अधिवेशन संस्थगित झाल्याची बातमी आली की विधेयकाचे सुतक पाळत बसू नका. एलईडी दिवे लावून होणाऱ्या मासेमारीवर आपल्या खासदाराने दिलेली सूचना पटलावर न येताच रद्द झाली असेल, तर पुढच्या सत्रासाठी ती पुन्हा दिली का, हे त्यांना विचारा.