पडका किल्ला खोटं बोलतो का?

पडलेला किल्ला पुन्हा उभा करणं म्हणजे त्याचा मान राखणं, की त्याच्या नावावर खोटं बोलणं?

प्रश्न आर्किटेक्चरच्या परीक्षेतला वाटतो. पण उत्तर फ्रान्समध्ये, पॅरिसच्या उत्तरेला, शेतांमध्ये आणि जंगलात उभं आहे. खरं तर दोन उत्तरं आहेत. एकमेकांपासून गाडीने साधारण तासाभरावर, आणि एकमेकांच्या अगदी विरुद्ध.

पहिलं उत्तर पिएरफों. पॅरिसहून ट्रेनने काँपिएन्यपर्यंत जायचं आणि मग जंगलातल्या रस्त्याने पुढे. गाव लहानसं, गावात एक तळं, आणि घरांच्या डोक्यावर आठ बुरुजांचा किल्ला. टोकदार छपरं, कोरीव चर्या, एक दगड जागचा हललेला नाही. बीबीसीच्या ‘मर्लिन’ मालिकेत कॅमलॉट म्हणून दिसतो तो हाच. माझ्यासोबतची मैत्रीण त्या मालिकेवर वाढलेली. फाटकातून आत शिरताच ती म्हणाली, “लहानपणी मनात होता, अगदी तसाच आहे!”

तिचं म्हणणं खरं होतं, कारण तो मनातूनच आला आहे. चौदाव्या शतकाच्या अखेरीस राजाचा भाऊ लुई दॉर्लेआं याने हा किल्ला बांधायला घेतला. १६१७ मध्ये बंडखोर सरदाराकडून तो जिंकल्यावर राजाच्या फौजेने तो निकामी केला. पुन्हा कुणी सरदार इथे बसून राजाला आव्हान देऊ नये, एवढाच हेतू. पुढची सव्वादोनशेहून जास्त वर्षं तो तसाच पडून होता. १८५७ मध्ये सम्राट तिसऱ्या नेपोलियनने व्हियोले-ल-द्युक या वास्तुविशारदाला काम दिलं. आधी बेत लहान होता, राहण्यापुरत्या काही खोल्या नीट करायच्या. पुढे त्याचा अख्खा राजवाडा झाला. १८७९ मध्ये व्हियोले-ल-द्युक वारला, तेव्हाही काम संपलेलं नव्हतं.

म्हणजे आपण ‘मध्ययुगीन’ म्हणून ज्याचे फोटो काढतो, त्यातलं बरंचसं रेल्वे आणि तारयंत्राच्या काळातलं आहे. एका मोठ्या दालनात नऊ वीरांगनांचे पुतळे आहेत. मधल्या पुतळ्याला चेहरा दिलाय सम्राज्ञी युजेनीचा, आणि आजूबाजूच्यांना तिच्या दरबारातल्या स्त्रियांचा. चर्चच्या दारापाशी संत जेम्सचा पुतळा आहे. त्याला व्हियोले-ल-द्युकने स्वतःचाच चेहरा दिला आहे.

हे बघून हसू येतं. पण त्यात एक हिशेबही आहे. क्रांतीने राजघराणं उलथवलेल्या देशात नवा सम्राट आपली मुळं जुन्या मातीत रोवू पाहत होता. पडका किल्ला उभा राहिला की मध्येच तुटलेला इतिहासही सलग दिसू लागतो. १६१७ चा घाव मात्र भिंतीतून पुसला जातो.

व्हियोले-ल-द्युकने काही लपवलं नव्हतं. जीर्णोद्धार म्हणजे वास्तूला अशी पूर्णता देणं, जी तिला कदाचित कधीच नव्हती, असं त्याने उघडपणे मांडलं होतं. त्याच काळात इंग्लंडमध्ये जॉन रस्किन बरोबर उलट सांगत होता. त्याच्या मते असा जीर्णोद्धार म्हणजे वास्तूचा सर्वांत वाईट नाश, कारण मेलेल्याला उठवता येत नाही. उठवल्याचं फक्त नाटक करता येतं.

दुसरं उत्तर बघायला आम्ही कुसीला गेलो.

कुसीचा बालेकिल्ला तेराव्या शतकातला. एकच गोल बुरूज, सुमारे ५५ मीटर उंच, म्हणजे आजच्या अठरा मजली इमारतीएवढा. सतराव्या शतकात हाही किल्ला निकामी करण्याचा प्रयत्न झाला, तरी बुरूज उभा राहिला. मार्च १९१७ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने सुमारे २८ टन स्फोटकं लावून तो उडवला. विमानं आणि लांब पल्ल्याच्या तोफांच्या युद्धात त्या बुरुजाला लष्करी किंमत फारशी उरलेली नव्हती. युद्धानंतर फ्रान्सने तो पुन्हा बांधला नाही. काय केलं गेलं ते दिसत राहावं, म्हणून ढिगारा ढिगारा म्हणूनच ठेवला.

मनात मी कुसीच्या बाजूने होते. घाव झाला असेल तर घाव दिसायला हवा. पण त्या ढिगाऱ्यासमोर उभं राहिल्यावर वेगळीच अडचण कळली. दगडांवर गवत आलंय, शेवाळ धरलंय, वारा छान वाहतोय. सगळं इतकं शांत की वाटावं, वयानेच पडला असेल बिचारा. शंभर वर्षांत स्फोटाचाही निसर्ग होऊन जातो. माहितीचा फलक नसेल, तर हा ढिगारा ‘काळाच्या ओघात’ झालेला वाटतो. काळाने तर काहीच केलं नव्हतं. माणसांनी केलं होतं, ठरवून, हुकूम सोडून.

म्हणजे उभा किल्ला खोटं बोलू शकतो, तसा पडकाही. एक म्हणतो, काही घडलंच नाही. दुसरा म्हणतो, घडलं, पण कुणी केलं नाही.

मैत्रिणीचा आक्षेप याहून धारदार होता. “तुला अवशेष आवडतात, कारण तू आधी वाचून आली आहेस. ज्याने काही वाचलेलं नाही, त्याला इथे नुसते दगड दिसतात. पिएरफोंमध्ये निदान सात वर्षांच्या पोरालाही किल्ला म्हणजे काय ते कळतं.”

हा मुद्दा झटकून टाकण्यासारखा नाही. अवशेषांचा प्रामाणिकपणा ही शिकलेल्यांची चैन असू शकते. जो खर्च करून एकदाच येणार, त्याला अपूर्णतेचं सौंदर्य ऐकवणं थोडं निर्दयही आहे.

पण फ्रान्सच्या खेड्यांतच यातून निघणाऱ्या वाटाही दिसतात. बर्गंडीतल्या गेदलाँ इथे १९९७ पासून एक नवाकोरा किल्ला बांधला जातोय, तेराव्या शतकाच्या पद्धतीने. तिथल्याच खाणीचा दगड, हाताने घडवलेला. ओझं उचलायला माणसांनी आत चालून फिरवायचं लाकडी चक्र. तो किल्ला कुणाचा पूर्वज असल्याचा आव आणत नाही. एक बुरूज उभारायला किती हात आणि किती वर्षं लागतात, हे मात्र पोरंसोरंही डोळ्यांनी बघतात. राजांच्या नावाखाली दबलेले पाथरवट आणि सुतार तिथे मुख्य पात्रं आहेत.

पश्चिमेकडे ला मोत-शांदेनिए आहे. १९३२ च्या आगीनंतर ओसाड पडलेला, आतून झाडं उगवलेला. २०१७ मध्ये इंटरनेटवरून वर्गणी काढून २५ हजारांहून जास्त लोकांनी तो मिळून विकत घेतला. किमान वाटा ५० युरोंचा. एका सम्राटाऐवजी हजारो मालक असले, की कुणाचा चेहरा पुतळ्याला लावायचा हा प्रश्न निदान एकट्याच्या मर्जीवर सुटत नाही.

हे सगळं मला परकं वाटत नाही. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोची बैठक पॅरिसमध्येच झाली आणि तिथे मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत आले. त्यात रायगड आहे. १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफा आणि त्या आगीने तिथले वाडे खाक केले. ते पुन्हा उभे राहावेत असं अनेकांना वाटतं. गडावर गेल्यावर जोती बघून माझ्याही घशाशी काहीतरी येतं. पण वाडे उभारले तर १८१८ कुठे ठेवायचं? आणि कारागिराला नेमकी माहिती नसेल, तिथे त्याचा हात कुणाच्या कल्पनेने चालेल? आपल्या आवडत्या मालिकेच्या सेटवरून?

जतनाचा एक साधा नियम १९६४ च्या व्हेनिस सनदेत आहे. नवीन भर जुन्यात मिसळावी, पण जवळून बघणाऱ्याला वेगळी ओळखू यावी. आणि जिथे अंदाज सुरू होतो, तिथे काम थांबावं. मला हा फक्त वास्तुशास्त्राचा नियम वाटत नाही. मेलेल्यांविषयी बोलताना पाळायची ती सभ्यता आहे. त्यांना उत्तर देता येत नाही, म्हणून त्यांच्या तोंडी आपले शब्द घालायचे नाहीत.

मग सात वर्षांच्या पोराचं काय? त्याला पूर्ण किल्ला दाखवायलाच हवा. लाकडी प्रतिकृतीत दाखवा, चित्रात दाखवा, फोनच्या पडद्यावर त्याच जोत्यावर अख्खा वाडा उभा करून दाखवा. उद्या नवा पुरावा मिळाला, तर पडद्यावरचं चित्र बदलता येतं. दगडात केलेली कल्पना मात्र दोन पिढ्यांत इतिहास होऊन बसते.

आणि दगडांपाशी एक फलक असू द्या. त्यावर उंची-रुंदीच्या आधी हे लिहिलेलं असावं: हे कुणी बांधलं, कुणी पाडलं, कशासाठी, आणि यातलं नेमकं किती आपण नंतर जोडलं. ‘काळाच्या ओघात’ हे दोन शब्द मात्र त्यावर नकोत.