बदलीचा डॉक्टर आणि अमानत

नेहमीचा डॉक्टर महिनाभर रजेवर गेला, त्याच्या जागी दुसरा आला. एवढ्याने रोग्याला डॉक्टर मिळाला, असे म्हणता येईल काय?

अमेरिकेत अशा डॉक्टरला 'लोकम टेनेन्स' म्हणतात. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ जागा धरणारा. उर्दूतला 'कायम-मकाम' हा शब्दही जवळजवळ हेच सांगतो. पण जागा धरणे आणि जबाबदारी धरणे एकच आहे का, हा आमचा प्रश्न आहे.

तो अधिक बोचतो इस्पितळाच्या पुनर्वसन विभागात. पक्षाघात झालेले, मणक्याला इजा झालेले रोगी तिथे आठवडेच्या आठवडे काढतात. सहसा दिवसाला 3 तास, आठवड्यातून 5 दिवस व्यायामोपचार घेतात. तिथल्या मेडिकेअर या सरकारी विम्याच्या नियमानुसार पहिल्या आठवड्यात तज्ज्ञ डॉक्टरने किमान 3 दिवस रोग्याला समक्ष पाहिले पाहिजे. तीन दिवशी तीन निराळे तज्ज्ञ आले तरी भेटींची संख्या भरते. ओळख मात्र नियमात मोजली जात नाही.

ओळख कशाला हवी? मानेत किंवा छातीच्या वरच्या भागात मज्जारज्जू दुखावलेल्या रोग्याचा वरचा रक्तदाब एरवी 90-100 असू शकतो. तो 130 झाला तर नवख्याला आकडा साधाच वाटेल. परंतु तुंबलेल्या मूत्राशयामुळे उसळू लागलेला तो जिवावरचा दाब असू शकतो. रोग्याचे 'नेहमीचे' ठाऊक असल्याशिवाय हा धोका दिसत नाही.

मग दोष बदलीवाल्याचा? आम्हांला तसे वाटत नाही. मेडिकेअरच्या एका सोयीनुसार, सलग 60 दिवसांपर्यंत बदलीवाल्याच्या कामाचे बिल रजेवरच्या डॉक्टरच्या नावे जाऊ शकते. नाव ज्याचे, रोग्याची माहिती सोपवून जाण्याचे कर्तव्यही त्याचेच. मराठीतला 'अनामत' शब्द 'अमानत'वरूनच आला. ठेव सोपवताना ती मोजून द्यावी लागते.

घेणाऱ्यानेही ती मोजून घ्यावी. विभागातल्या परिचारिका आणि व्यायामोपचारक बहुधा तेच असतात. रोग्याची आठवण त्यांच्यापाशी असते. त्यांना विचारण्यात कसला कमीपणा? आणि 'नेहमीचे डॉक्टर आल्यावर बघू' हे वाक्य तर त्याने उच्चारूच नये. गैरहजर शिक्षकाचा तास आम्ही शिक्षक नेहमी घेतो. वर्ग नुसता गप्प बसवला तर कुणी तक्रार करीत नाही, पण मुलांचा तास गेला तो गेलाच. पक्षाघातानंतरचे पहिले काही महिने सुधारणेला फार मोलाचे असतात. ते कुणाच्या रजेसाठी थांबत नाहीत. म्हणून जो निर्णय आजचा आहे, तो बदलीवाल्याने आजच घ्यावा.