तुरीच्या डाळीएवढं भोक

खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीत काकांची सगळी नोकरी तपासणीत गेली. फॅक्टरी १८६९ सालची, आणि तिथला दंडक साधा: लॉटमधली थोडी काडतुसं झाडून बघायची, ती नापास झाली तर अख्खा लॉट अडवायचा. काका निवृत्त झाले, दंडक काही झाला नाही. मंडईत लिंबं घेतानासुद्धा ते भाजीवाल्याला म्हणत, "एक कापून दाखव."

मुलगी लग्न होऊन बंगळूरला गेली आणि तिची दहा मीटरची एअर रायफल कपाटात पडून राहिली. जर्मन बनावटीची. पेटीत कंपनीचं टेस्ट कार्ड: पाच पॅलेट मारलेले, भोक मात्र एकच. काकांनी ती विकायला काढली तसे एक गृहस्थ आपल्या लेकीला घेऊन आले. २०२४ मध्ये स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला ब्राँझ मिळवल्यापासून पोरीनं घरात रायफलचाच जप लावला होता. बालेवाडीच्या रेंजवर शिकत होती, पण तिथली रायफल चौघींत एक. गृहस्थांनी कार्ड पाहिलं आणि खिशातून पाकीट काढलं.

"थांबा. हे कार्ड रायफल कारखान्यातनं निघाली त्या दिवसाचं. त्याला बारा वर्षं झाली. हिच्या हवेच्या सिलिंडरची मुदत दहा वर्षांची होती, तो मी बदललाय, पावती पेटीत आहे. पण आज ही कशी मारते ते बघू."

मागच्या बोळात बरोबर दहा मीटरवर पॅलेट अडवणारी लोखंडी पेटी होती. काकांनी नमद्याचे तुकडे लावून रायफल व्हाइसमध्ये आवळली, म्हणजे माणसाचा हात, श्वास, डोळा सगळं हिशेबातून बाद. दहा पॅलेट मारले. नऊ एकाच भोकात गेले, दहावा बोटभर बाजूला.

"दहात नऊ! आम्हाला चालेल हो," गृहस्थ म्हणाले.

"लॉट फेल," काका म्हणाले, आणि चहा पाजून त्यांना वाटेला लावलं.

काकू आठवडाभर धुसफुसत होत्या. दारात आलेलं गिऱ्हाईक कोणी एका भोकापायी परत पाठवतं का? मी असतो तर काकूंचीच बाजू घेतली असती. काका मात्र ४.४९चे, ४.५०चे असे पॅलेटचे डबे बदलत बसले. दोष शेवटी सापडला तो स्टॉकच्या पोटात. नळीचा सांगाडा लाकडाला धरणारा स्क्रू पाव फेरा ढिला होता. गेल्या दिवाळीत साफसफाईसाठी तो काकांनीच खोलला होता.

पुढच्या रविवारी बापलेकींना बोलावून पुन्हा व्हाइस, पुन्हा दहा पॅलेट. या खेपेला तुरीची एक डाळ मावेल एवढंच भोक. काकांनी स्क्रूची हकिकत जशीच्या तशी सांगितली, "चूक माझ्या हाताची होती" हेही सांगितलं. मग टार्गेटच्या कागदामागे तारीख, पॅलेटची जात, माप आणि 'दहा पॅलेट, व्हाइसमध्ये' एवढं लिहून सही ठोकली. कंपनीच्या कार्डाशेजारी तो कागद पेटीत ठेवला.

पैसे दिले-घेतले. पोरीला दम कुठला, तिथेच उभी राहिली. दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, खसखशीच्या दाण्याहून लहान. पहिला पॅलेट सातात, दुसरा वर पाचात, तिसरा पार खाली उजवीकडे.

"काका, ही भरकटते हो," ती वळून म्हणाली. रेंजवरच्या रायफलबद्दल ती हेच म्हणायची आणि तिथे ते खपून जायचं.

तिचे वडील काकांकडे बघायला लागले. काका पॅलेटच्या डब्याचं झाकण लावत होते. पोरीची नजर पेटीतल्या कागदावर गेली, त्या एका भोकावर. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मग काही न बोलता तिनं डावा पाय जरा मागे घेतला, कोपर कमरेला टेकवलं आणि चौथा पॅलेट भरला.